दहापैकी सात

त्यांचा माझ्यावर संशय आहे, हे कळायला मला एक दिवस पुरला. माझाही त्यांच्यावर आहे, हे त्यांना कधी कळलं, की कळलंच नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या गावच्या म्युनिसिपल कमिटीत मी कारकून म्हणून लागलो तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी मला सरळ घाटंजी रस्त्यावरच्या जकात नाक्यावर पाठवलं. तिथे ते नाकेदार होते. त्यांचं नाव कागदावर सोडून कुठेच वापरात नव्हतं. सगळं गाव त्यांना नाकेदारच म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, डोक्यावर काळी टोपी आणि उन्हाळ्यातसुद्धा अंगात खाकी कोट. कोटाच्या एका खिशात वही आणि दुसऱ्यात दोन पेन्सिली. एक स्वतःसाठी, एक समोरच्यासाठी.

मी गेलो, नमस्कार केला, नाव सांगितलं.

"सांगू नोका," ते म्हणाले. "लिवा."

मी वहीत नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं, मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "आता सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहिलेलं आणि बोललेलं जुळवून पाहिलं आणि मगच बसायला स्टूल दिलं. मला वाटलं, हा माणूस आपल्याला खोटारडा समजतो. पुढे कळलं की ते सगळ्यांशीच असं वागायचे. व्यापारी असो, मास्तर असो, दारोगा असो, नाक्यावर आलेल्याने जे काय सांगायचं ते लिहून द्यायचं. ज्याला लिहिता येत नसे त्याला ते उजेडात उभं करत आणि एकच गोष्ट दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारत. "गाडीत काय हाय?" आणि थोड्या वेळाने, "कापूस कोठून आनला म्हनता?" गाडीवाला चिडून म्हणायचा, "कापूस नाई जी, तूर हाय, मघाच सांगतलं." तेव्हा ते समाधानाने मान हलवायचे.

त्यांच्याकडे हातभर लांब लोखंडी सळई होती. कडब्याची किंवा पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची गाडी आली की ती सळई ते चारी बाजूंनी खुपसून बघत. एकदा पऱ्हाटीच्या गाडीतून माणसाची किंकाळी आली. गाडीवाल्याचा साळा आत उबेला झोपला होता. त्याच्या मांडीला सळई नुसती लागली होती, रक्त नव्हतं आलं, पण त्याने जो गोंधळ घातला तो पाहायला अर्धा बाजार जमला. नाकेदारांनी शांतपणे वहीत नोंद केली, 'आत माणूस. जकात लागू नाही.' आणि गाडी सोडली.

ते नेहमी भिंतीला डावा खांदा लावून बसत. कोणी खुर्ची हलवली तर उठून पुन्हा जागेवर आणत. डाव्या बाजूने हाक मारली तर बघतसुद्धा नसत. आम्ही कमिटीतले कारकून म्हणायचो, माणूस गुर्मीत आहे. आमच्यातला एक जण म्हणायचा, हा सीआयडीचा माणूस आहे, भिंतीला टेकून बसायची सवय त्यांनाच असते. मी तेव्हा हसलो, पण घरी गेल्यावर बायकोला सांगितलं की नाकेदारांपुढे जपून बोलावं लागतं.

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावात फटफट्यांच्या शर्यती आल्या.

आणल्या त्या भैय्याजींनी. भैय्याजी म्हणजे गावातल्या मोठ्या जिनवाल्यांचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या मालकांचा, धाकटा मुलगा. नागपूरला शिकून आलेला, अंगात चामड्याचं जाकीट घालणारा, आणि मनाने वाईट नसलेला. त्यांनी मंडळ काढलं आणि गावाबाहेरच्या शंकरपटाच्या मैदानाला वळसा घालून पाऊण मैलाचा गोल रस्ता आखला. नागपूर, अकोला, आदिलाबादकडून फटफटीवाले येणार होते. मुख्य शर्यत संक्रांतीनंतर, आणि तिच्याआधी तीन रविवार सराव. बैलांचा पट भरवणारे लोक नाराज झाले, कारण मैदान त्यांचं होतं. बाकी गाव खूश होतं.

पहिल्या रविवारी सहा फटफट्या सुटल्या आणि आमच्या गावाने असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. जास्त जोर मिळावा म्हणून त्यांनी सायलेंसर काढून ठेवले होते. नाक्यावर बसून आम्हाला तो आवाज छातीत जाणवत होता. इंजिनात एरंडेल घालत, त्याचा जळका वास बाजारापर्यंत यायचा. पोरं त्या वासामागे पळायची.

मैदानाच्या कडेला, एका शेताच्या अंतरावर, सरकारी दवाखाना होता. तिथे बाळंतपणं व्हायची. डॉक्टरीणबाई मूळच्या पुण्याकडच्या, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सोमवारी त्या स्वतः कमिटीत आल्या आणि त्यांनी टेबलावर एक लाकडी नळी ठेवली. कर्ण्यासारखी, एका बाजूने रुंद.

"ही मी बाईच्या पोटाला लावते आणि बाळाचे ठोके ऐकते," त्या म्हणाल्या. "काल दोन तास मला एकही ठोका ऐकू आला नाही. बाळ अडलंय का, दमलंय का, मला दुसऱ्या कशाने कळत नाही. हे बंद करा."

कमिटीत भैय्याजींचे काका होते. बंद करणं शक्य नव्हतं. कोणी म्हणालं, आवाजाला मर्यादा घालू. दुसरा म्हणाला, मर्यादा घालाल पण मोजाल कशाने? यंत्र आहे का? यंत्र नागपुरातही कोणाकडे असेल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. बाई नळी उचलून निघाल्याच होत्या, तेवढ्यात महिन्याचे कागद घेऊन आलेले नाकेदार दारातून म्हणाले, "यंत्र कायले पाह्यजे? बाईसाहेबाईले आयकू येते का नाई, येवढंच पाहाचं हाय ना?"

मग त्यांनी सांगितलं ते मी स्वतः लिहून घेतलं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात एकाने साध्या बोलण्याच्या आवाजात दहा शब्द वाचायचे. दहा पावलांवर दुसऱ्याने पाठ करून उभं राहायचं आणि ऐकू आले ते लिहायचे. दहापैकी सात बरोबर आले तर शर्यत चालू. सात आले नाहीत तर दवाखान्यावर लाल निशाण लावायचं आणि इंजिनं थांबवायची. मैदानावर जाऊन सायलेंसर तपासायचा हक्क तपासणाऱ्याला.

कमिटीतले लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं, असू द्या, परवान्यात अट घाला आणि तपासायला यांनाच नेमा. त्यांना वाटलं, ही नुसती कागदावरची अट राहील. नाकेदारांना ते चांगले ओळखत नव्हते.

त्या दिवसापासून नाकेदार मैदानाभोवती फिरताना दिसू लागले. दवाखान्यापासून मैदानापर्यंत पावलं मोजत. वाऱ्याची दिशा बघायला चिमूटभर माती सोडत. वऱ्हांड्यात पाण्याने भरलेली पितळी थाळी ठेवून, तिच्यात लहरी उठतात का बघत तासन् तास उकिडवे बसत. सायलेंसर तपासायला गेले तर नुसते बघून समाधान नाही. प्रत्येक सायलेंसरच्या प्रत्येक स्क्रूवर डबीतल्या चुन्याचा ठिपका लावला. तपासणी झाल्यावर कोणी सायलेंसर काढला तर ठिपका मोडणार. आदिलाबादचा एक फटफटीवाला त्यांना म्हणाला, "चाचा, आप को हम पर भरोसा नहीं?" ते त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "लिख के दो." तो काय लिहून देणार?

गावात कुजबुज सुरू झाली. याला पटवाल्यांनी लावलंय, असं एक म्हणे. भैय्याजींकडून काही उकळायचा बेत आहे, असं दुसरा. सेक्रेटरीसाहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

"तुम्ही त्यांच्यासोबत असता. ते कोणाला भेटतात, वहीत काय लिहितात, जरा लक्ष ठेवा."

मी हो म्हणालो. खरं तर ते न सांगताही मी लक्ष ठेवूनच होतो. संशयी माणसाजवळ राहिलं की संशय अंगवळणी पडतो. एकदा ते बाहेर गेले असताना मी त्यांची वही उघडून पाहिली. पानापानावर शब्द होते, एक-एक दोन-दोन अक्षरांचे, प्रत्येक पानावर दहा. वात, माठ, जू, खण, तीळ. मला तर ती काहीतरी सांकेतिक भाषाच वाटली. नंतर कळलं, तेच तपासणीचे शब्द होते. प्रत्येक वेळी नवे, कोणाला पाठ होऊ नयेत म्हणून.

शब्द वाचायचे ते स्वतः आणि लिहायचे मी, असं ठरलं. वाचताना ते दोन बोटं गळ्यावर ठेवत. मला वाटायचं, हा काहीतरी मंत्राचा प्रकार असावा.

पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी भैय्याजी मला बाजारात भेटले. चहा पाजला. माझ्या धाकट्या भावाची चौकशी केली. तो मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसला होता.

"जिनमधी एक जागा निघून राह्यली," भैय्याजी म्हणाले. "हिशेबनीस नाई, आपला वजनाच्या काट्यावर मानूस पाह्यजे. तुमच्या भावाले पाठवजा संक्रांतीनंतर." मग कपात बघत म्हणाले, "बाबूजी, खोटं लिवा असं म्या म्हनत नाई. पन मानसाले कानानंच कळते असं थोडंच हाय?"

त्यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत. मला मात्र कळायचं ते कळलं.

वऱ्हांड्यात मी पाठ करून उभा राहिलो तेव्हा माझ्यासमोर खिडकीची काच होती. काचेत मागे उभे असलेले नाकेदार दिसत होते, त्यांचे ओठ दिसत होते. फटफट्या सुटल्या. मला चार शब्द ऐकू आले. तीन मी काचेतून वाचले. सात झाले. नाकेदारांनी कागद तपासला, दोनदा तपासला. "सात," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदही नव्हता आणि नाराजीही नव्हती.

पुढच्या रविवारीही सात.

तपासणीच्या त्या दुसऱ्या रविवारी मारेगावकडून एक बाई आली होती. मला ती आत जाताना दिसली, बैलगाडीतून उतरून, पोट धरून, पदर दातात धरून. तिचं मूल मेलेलं जन्मलं. डॉक्टरीणबाई संध्याकाळी वऱ्हांड्यात आल्या तेव्हा आम्ही कागद आवरत होतो.

"मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "दुपारभर काहीच नाही."

"बाईसाहेब," नाकेदार म्हणाले, "कागदावर तं सात हायेत."

"मग तुमचा कागद खोटा आहे."

"कागद खोटा कसा अशीन? समोर लिवला."

बाईंनी त्यांच्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "आवाजामुळेच झालं का?"

"ते मी नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "ती आली तेव्हाच कदाचित उशीर झाला असेल. कदाचित नसेल. ऐकू आलं असतं तर मला माहीत असतं." आणि आत गेल्या.

परत येताना नाकेदारांनी वाटेत दोनदा वही उघडून पाहिली. नाक्याजवळ थांबून म्हणाले, "बाईचं आन् कागदाचं जुळत नाई. कोनाचं तरी चुकून राह्यलं." मी खाली बघून चाललो. त्यांचा संशय बाईंवर आहे, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मुख्य शर्यतीच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांतून गाड्या भरून माणसं आली. ऊस, चिवडा, फुगे. घाटंजीहून बँड आला होता. दहा वाजता नाकेदारांनी सगळ्या स्क्रूंवर नव्याने चुना लावला. अकराला बारा फटफट्या सुटल्या. दोन फेऱ्यांत दोघांनी वळणावर सायलेंसर उखडून टाकले, आणि मग बाकीच्यांनाही कोण अडवणार?

तेवढ्यात दवाखान्यापुढे एक छकडा थांबला. तांड्यावरची एक तरणी बाई होती, घागरा-कांचळीतली, पहिलटकरीण. सोबत तिची आई. कळा पहाटेपासून सुरू होत्या. आई वऱ्हांड्यात बसून सारखी "याडी ये, याडी ये" करत देवीला हाक मारत होती. डॉक्टरीणबाई नळी हातात घेऊनच बाहेर आल्या आणि नाकेदारांच्या अगदी समोर उभ्या राहून एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "मला. ठोके. ऐकू. येत. नाहीत."

नाकेदारांनी वही काढली. मी नेहमीप्रमाणे पुढे होऊन पेन्सिलीसाठी हात केला.

"तुमी नाई," ते म्हणाले. "आज तुमी नाई लिवाचं."

मी हात मागे घेतला. यांना कळलं. कोणी सांगितलं, कधीपासून माहीत आहे, काच यांनीही पाहिली का? डोक्यात हेच. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. त्यांनी मला लाल निशाण लावायला सांगितलं. मी शिडीवरून चढून ते लावलं. मैदानावरून कोणी बघितलंसुद्धा नाही. दहा मिनिटांनी भैय्याजीच आले, फटफटीवर, धुळीने माखलेले.

"निशाण काहून लावलं? दोन्ही सरावात सात आले होते ना? आज काय झालं?"

"आज अजून तपासलं नाई," नाकेदार म्हणाले.

"मंग निशाण कसं?"

"बाईसाहेबाईनं सांगतलं म्हनून. तुमचा त्याईच्यावर विश्वास नाई. माह्यावर बी नाई. म्हनून लिवनारा तुमचाच मानूस पाह्यजे." आणि त्यांनी दुसरी पेन्सिल भैय्याजींपुढे धरली. "तुमीच लिवा."

भैय्याजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. ते काहीतरी डाव आहे असं समजून वैतागून हसले, पण लोक बघत होते. त्यांनी पेन्सिल घेतली. नाकेदारांनी दहा पावलं मोजली. या वेळी त्यांनी जागाही बदलली होती. भैय्याजींचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे, खिडकीकडे नाही. मला पुन्हा वाटलं, कळलंय यांना.

त्यांनी दोन बोटं गळ्यावर ठेवून वाचायला सुरुवात केली. मैदानावरून बाराच्या बारा फटफट्या आमच्या बाजूच्या वळणावर येत होत्या. भैय्याजी मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होते. लिहीत, थांबत, खोडत होते. आतून त्या बाईच्या कण्हण्याचा आवाज यायचा आणि इंजिनांत बुडून जायचा.

झाल्यावर नाकेदारांनी दोन कागद शेजारी ठेवले. 'वात'च्या जागी 'भात' होतं. 'खण'च्या जागी 'धन'. पाच ठिकाणी नुसती रेघ. दहापैकी तीन बरोबर होते.

भैय्याजींनी आपला कागद उचलून पुन्हा वाचला. आपल्याच अक्षराशी वाद कसा घालावा हे त्यांना सुचत नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबूजी, मंग सरावाले सात कसे आले होते?" मी पेन्सिली गोळा करू लागलो. त्यांना उत्तर माहीत होतं, कारण ते त्यांनीच चहाच्या कपापाशी मला शिकवलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फटफटी तिथेच उभी ठेवली आणि मैदानाकडे पळत गेले, चामड्याच्या जाकिटासकट, शेतातल्या पऱ्हाट्यांमधून.

आवाज एकदम थांबला नाही. एक इंजिन बंद झालं, मग दोन, मग तीन. शेवटची फटफटी एकटीच अर्धी फेरी फिरली आणि तीही थांबली. लोकांचा आरडाओरडा झाला, शिव्या आल्या, मग तेही निवलं. डॉक्टरीणबाई आत गेल्या होत्या. दाराआडून त्यांचा आवाज आला, परिचारिकेला म्हणत होत्या, "मंद पडलेत. फार मंद. चिमटा दे."

आम्ही वऱ्हांड्यात उभे होतो. बाईची आई हात जोडून बसली होती. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मग मूल रडलं. आधी खरखर, मग चांगलं मोठ्याने. म्हातारी खाली वाकून जमिनीला कपाळ लावू लागली. शेतातून परत आलेले भैय्याजी पायरीवर मटकन बसले. मी रडायच्या बेतात होतो.

नाकेदार दाराकडे बघत उभे होते, जसे आधी होते तसेच. त्यांनी माझा हात धरला.

"रडलं का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, याही वेळी हा माणूस साक्षीदार मागतोय. मी चिडून म्हणालो, "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "नाई," ते म्हणाले. "रडलं का?"

मी मान हलवली. तेव्हा त्यांनी टोपी काढली.

शर्यत त्या दिवशी पुन्हा सुरू झाली नाही. दुपारी दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला सांगितलं. तरुणपणी अकरा वर्षं ते जिनमध्ये फिटर होते, बॉयलरच्या बाजूला. डावा कान तिथेच गेला. उजव्याने समोरचं माणूस दिसत असेल तर निम्मंशिम्मं कळतं. वाचताना आवाज चढतो की काय, ते स्वतःला कळत नाही, म्हणून बोटं गळ्यावर. थाळीतलं पाणी म्हणूनच. नाक्यावर सगळ्यांकडून लिहून घ्यायचं तेही त्यासाठीच. कमिटीला कळलं असतं तर नोकरी गेली असती.

"सगळ्याईच्या आधी म्या माह्या कानावर संशय घेतला," ते म्हणाले. "म्हनून लिवाले दुसरा मानूस ठेवला. तुमचे कान चांगले."

मी विचारलं, "मग आज मला का काढलं?"

त्यांनी नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या घरी आठवा महिना हाय ना? दवाखान्यात येनारी तुमची बी बायको. भैय्याजी म्हनले असते, यानं बाईसाहेबाईच्या बाजूनं कमी लिवले. तुमच्यावर कोनी बोट ठेवलं असतं तं मले पटलं नसतं."

त्यांना काही कळलेलं नव्हतं. काच त्यांनी पाहिली नव्हती. भैय्याजींना भिंतीकडे उभं केलं ते ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून. मी त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

महिन्याने माझी बायको त्याच दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाला नळी लावली, कान टेकवला, आणि मान वर न करता म्हणाल्या, "छान येतायत." मी दाराबाहेर उभा होतो. मला मारेगावची बाई आठवली, पदर दातात धरलेली. त्या रविवारी मी सात लिहिले होते.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी मी नाक्यावर गेलो आणि नाकेदारांच्या समोर, उजेडात उभा राहून सगळं सांगितलं. काच, ओठ, भावाची नोकरी. त्यांनी मला दुसरी पेन्सिल दिली नाही. लिहून मागितलं नाही. नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी दोनदा सांगितलं.

"दोनी रविवारी?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"म्या बाईसाहेबाईले खोटं पाडलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमिटीला पत्र दिलं. ते मी नंतर फायलीत वाचलं. सरावाच्या दोन्ही दिवसांचे निकाल संशयास्पद असून रद्द समजावेत, दोष लिहिणाऱ्याचा नसून पारख न करता नेमणाऱ्याचा आहे. आणि खाली एक ओळ, ती लिहायची त्यांना काही गरज नव्हती: नेमणाऱ्यास स्वतःला कमी ऐकू येते. माझं नाव कुठेही नव्हतं.

कमिटीत भैय्याजींच्या काकांनी ते पत्रच पुढे केलं. बहिऱ्याने आवाज तपासला, त्याचे स्वतःचेच निकाल रद्द, मग शर्यतीच्या दिवसाचा निकाल तरी कशावरून खरा? बैठकीचं लिहून घ्यायला मी होतो. मी तोंड उघडलं नाही. उघडलं ते भैय्याजींनी. ते मागच्या बाकावर बसले होते.

"तो कागद माह्या हातचा हाय, काका," ते म्हणाले. "माह्ये कान चांगले हायेत. तीनच आयकू आले."

पुढच्या वर्षी शर्यती मारेगावच्या पुढे माळावर गेल्या, वस्तीपासून लांब. भावाच्या नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. नाकेदारांकडून तपासणीचं काम काढून घेतलं, नोकरी मात्र राहिली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासाठी यवतमाळच्या सिव्हिल सर्जनला चिठ्ठी लिहिली, पण ते तिकडे गेले नाहीत.

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली त्या नाक्यावर काढली. ते माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. सकाळी माझ्यासाठी चहा ठेवायचे. बोरांच्या दिवसांत माझ्या मुलीसाठी रुमालात बोरं बांधून द्यायचे. मी आजारी पडलो तेव्हा सायकलवरून घरी येऊन गेले. फक्त गाडी आली की ते स्वतः उठायचे, आणि गाडीवाला काय म्हणाला ते नीट कळलं नाही तर दुसरी पेन्सिल माझ्यापुढून त्याच्याकडे न्यायचे. त्याला लिहिता येत नसेल तर वाटेवरचा दुसरा कोणी थांबवायचे. मी शेजारी बसलेला असायचो. मला सगळं स्वच्छ ऐकू आलेलं असायचं.